अकराशे ओळी आणि एक ‘माय’

‘माय’ या शब्दाला इंग्रजीत काय म्हणावं, यात माझ्या तीन रात्री गेल्या. तिसरी संपली तेव्हा राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांची प्रवेशिका दिल्लीला पोचवायला आठच दिवस उरले होते, आणि चित्रपटाचा उत्तरार्ध मी अजून उघडलासुद्धा नव्हता.

मी चित्रपटवाली नाही. पुण्यात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, म्हणून वऱ्हाडी कानात आहे. सासरी इतकी वर्षं काढूनही रागावले की तीच तोंडात येते. आमच्याकडच्या एका पोरानं, माझ्या मावसभावाच्या मित्रानं, गावातलीच माणसं घेऊन एक चित्रपट केला होता. पैसे घालणारे काका खत-बियाण्यांचं दुकान चालवतात. बाकीचे दिग्दर्शकाच्या बायकोच्या पाटल्यांतून आले. त्या पाटल्या अजून परत आलेल्या नाहीत, हे आधीच सांगून टाकते.

फोन आला तो असा. ‘ताई, पिच्चर दिल्लीले पाठवाचा आहे. इंग्रजी सबटायटल लागते म्हनते. तू इंग्रजीच शिकवते नं?’

मी हो म्हटलं. नियम मला तेव्हा कुठे ठाऊक होते! राष्ट्रीय पुरस्काराला चित्रपट थिएटरात लागलेला असण्याची अट नसते. बघितली जाते ती सेन्सॉर सर्टिफिकेटवरची तारीख. ती त्या वर्षाच्या १ जानेवारी ते ३१ डिसेंबर यांच्या मधली हवी. आमच्या सर्टिफिकेटवर २०२३ च्या डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. चित्रपटात बैलजोडी आहे, त्यामुळे प्राणी कल्याण मंडळाचा कागद आधी मिळवावा लागला होता. दिग्दर्शक म्हणतो, नटांपेक्षा बैलांची कागदपत्रं जास्त झाली. ती धावपळ माझ्या येण्याआधीची, त्यामुळे तिच्याविषयी मी एवढंच ऐकून आहे.

माझ्या वाट्याला आल्या अकराशे ओळी. चित्रपट एकशे आठ मिनिटांचा. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, एका ओळीत चाळीसच्या आसपास अक्षरं, स्पेस आणि स्वल्पविराम धरून. वाचायला वेळ द्यायचा, पण नट गप्प झाल्यावर अक्षरं लोंबकळत ठेवायची नाहीत. वऱ्हाडी माणूस तीन सेकंदांत जेवढं बोलतो, तेवढं वाचायला इंग्रजीत सहा लागतात. म्हणजे निम्मं बोलणं टाकून द्यायचं. काय टाकायचं, हे ठरवणं म्हणजेच सबटायटल लिहिणं, हे मला चाळिसाव्या ओळीपर्यंत कळलं नव्हतं.

दिग्दर्शकानं आधी कुणाकडून तरी मशीनवर केलेला एक खर्डा पाठवला होता. त्यात ‘काऊन बाप्पा, आज लवकर आले?’ याचं ‘व्हाय फादर’ झालं होतं. बोलणारा साठीचा, ज्याला बोलतोय तो पंचविशीतला पोस्टमन. ‘पोट्टे’ सगळीकडे ‘पॉट’ झाले होते. मी तासभर हसले आणि मग तो खर्डा अख्खा पुसला.

पुढे मात्र हसू आलं नाही. एका प्रसंगात पोरगा नागपूरला कामाला निघतो. पिशवी खांद्याला लावून ‘जातो मी’ म्हणतो आणि बाप पाठमोराच ओरडतो, ‘जातो नाही, येतो म्हण!’ आपल्याला याची फोड करून सांगावी लागत नाही. घराबाहेर पडताना कुणी ‘जातो’ म्हटलं की आजही माझ्या पोटात कालवतं. इंग्रजीत शब्दाला शब्द ठेवला तर बाप वेडा वाटतो. मी लिहिलं, ‘से यू विल बी बॅक.’ अर्थ पोचला, पण बापाची भीती मागेच राहिली. इंग्रजीतला बाप नुसता हुकूम सोडतो.

आजोबांचा प्रसंग वेगळ्याच कारणानं अडला. ते ओसरीवर खर्रा घोटत बसतात आणि बोलता बोलता जमीन विकल्याचं सांगून टाकतात. तंबाखू दिसली की पडद्याच्या तळाशी वैधानिक इशारा द्यावा लागतो, आणि माझी ओळही तळाशीच. ‘तंबाखूमुळे कर्करोग होतो’ आणि ‘आय सोल्ड द लँड’ एकमेकांवर चढून बसले. ओळ वर नेली तर वर उन्हाळ्यातलं पांढरंफटक आभाळ. पांढरी अक्षरं त्यात गडप. शेवटी अक्षरांना काळी कड दिली. चित्रपटातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य असं इशाऱ्यापासून पळून आभाळात जाऊन लटकलंय.

आणि ‘माय’. आजी नातीला पहिल्या दृश्यापासून माय म्हणते. ‘जेवली का माय’, ‘झोप माय’, आणि शेवटी, शाळेच्या फाटकाशी, ‘चाल माय, घरी चाल.’ पोरीला आई नाही. आजी तिला माय म्हणते त्यात लाड आहे, आणि जी गेली तिची आठवणही आहे. ‘मदर’ लिहिलं तर बघणाऱ्याला वाटणार की नात्यांचा घोळ झालाय. तसंच ठेवावं, तर रोमन अक्षरांत तो मे महिना तरी होतो नाहीतर ‘माझं’ तरी. ‘डिअर’ फार गोड, ‘गर्ल’ फार कोरडं. मी ‘चाइल्ड’वर थांबले. ‘कम, चाइल्ड. कम होम.’ बायबलातल्यासारखं वाटलं, पण वेळ नव्हता.

या सगळ्यात दिग्दर्शकाचे फोन चालू असत आणि प्रत्येक फोनमध्ये इतिहास असे. हे पुरस्कार सुरू झाले १९५४ साली, आणि पहिलंच सुवर्णपदक मिळालं ते आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला. मराठी चित्रपटाला! मग पुन्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मराठीला मिळायला २००३ सालचा ‘श्वास’ यावा लागला. पन्नास वर्षं. त्यानंतर मात्र ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’ अशी रांगच लागली. ‘देऊळ’नं तो ‘ब्यारी’बरोबर वाटून घेतला होता, हेही तो न चुकता सांगायचा. निर्माते काकांच्या वडिलांनी अत्र्यांचा चित्रपट जत्रेतल्या तंबूत पाहिला होता म्हणे. शेवटाला अख्खा तंबू रडला आणि बाहेर भज्यांचा धंदा बसला.

काकांचा हिशेब निराळा होता. भाषेतला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला तर रजत कमळ आणि दोन लाख, एकूणात सर्वोत्कृष्ट ठरला तर सुवर्ण कमळ आणि तीन लाख. ‘तीन नसन तं दोन चालते,’ असं ते मनापासून म्हणायचे, जणू काही बाजार समितीत भाव ठरतोय.

मला या सगळ्याचं दडपण यायचं ते वेगळ्याच कारणानं. या पुरस्कारांत निवड दोन पायऱ्यांनी होते: आधी पाच प्रादेशिक समित्या, मग केंद्रीय ज्युरी. म्हणजे कधीतरी कुणी तमिळ किंवा आसामी माणूस अंधारात बसून आमच्या आजीला भेटणार, आणि तिचा आवाज ऐकत असताना शब्द मात्र माझे वाचणार. अकरावीच्या पोरांच्या निबंधातल्या चुका काढणारी मी, वऱ्हाडातल्या एका म्हातारीच्या वतीनं दिल्लीत बोलायला उभी राहिले होते. हे पारितोषिकांचं प्रकरण पोकळ असतं, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी तसं म्हणणार नाही. ज्या चित्रपटाला जिल्ह्याच्या ठिकाणी सकाळचा एक खेळ मिळत नाही, तो मराठीबाहेरच्या चार माणसांनी शेवटपर्यंत पाहण्याची दुसरी सोय मला तरी दिसत नाही.

शेवटची तारीख तीन दिवसांवर आली तेव्हा पुण्यात एका छोट्या प्रिव्ह्यू थिएटरात आम्ही ओळींसकट चित्रपट पहिल्यांदा पाहिला. मी, दिग्दर्शक, संकलक, आणि गावाकडून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं आलेले काका. पहिल्या मिनिटाला ओळ जरा आधी येतेय असं वाटलं. मी संकलकाकडे पाहिलं, त्यानं प्रोजेक्टरकडे. दहाव्या मिनिटाला ओळी पंचवीस सेकंद पुढे होत्या. तासाभरानं पडद्यावर बाप बँकेच्या कागदावर अंगठा उमटवत होता, त्याच्या हाताचा थरथराट दिसत होता, आणि खाली पांढऱ्याशुभ्र अक्षरांत ‘मोअर जिलबी फॉर द ग्रूम!’

काकांना इंग्रजी येत नाही. ते गंभीरपणे मान डोलावत होते.

घोटाळा असा झाला होता. मला काम करायला दिलेली कॉपी सेकंदाला पंचवीस फ्रेमची होती; थिएटरसाठीची मूळ प्रत चोवीसची. एका फ्रेमचा फरक, पण तो साठत जातो. चोवीसची प्रत हळू चालते, आणि तासाला अडीच मिनिटांचं अंतर पडतं. माझ्या ओळी शेवटपर्यंत पुढे पुढे धावत राहिल्या, नटांना मागे टाकून. संकलक म्हणाला की कॉपी देताना मी सांगितलं होतं. मी म्हटलं, नव्हतं सांगितलं. खरं तर मला तेव्हा फ्रेमरेट हा शब्दच माहीत नव्हता, त्यामुळे सांगितलं असतं तरी ते माझ्यापर्यंत पोचलं नसतं. चूक दोघांची, म्हणजे अर्धी अर्धी, असं काकांनी ठरवलं आणि चहा मागवला.

दुरुस्ती एका मिनिटाची निघाली. सबटायटलच्या सॉफ्टवेअरमध्ये पंचवीसवरून चोवीस असं सांगितलं की अकराशे ओळी आपापल्या जागी जाऊन बसतात. पण ओळी चित्रावर छापून नवी प्रत काढायला रात्र लागली. पहाटे चारला संकलकाच्या खोलीत, जमिनीवर गादी टाकून, मी शेवटचं दृश्य पुन्हा पाहिलं. फाटक, पोरगी, आजी. ‘चाल माय’ आणि ‘कम, चाइल्ड’ अगदी एका श्वासावर आले. दिग्दर्शक भिंतीला टेकून झोपला होता. मी उठवलं नाही.

अर्ज भरणं हा त्या मानानं कंटाळवाणा भाग. कथासार, सर्टिफिकेटची प्रत, कलाकार-तंत्रज्ञांची नावं. कथासार मी इंग्रजीत तीनदा लिहिलं; तिन्ही वेळा ते कुठल्याही मराठी चित्रपटाचं वाटलं. शेती, कर्ज, आजी, शाळा. बालकलाकाराच्या रकान्यात आमच्या पोरीचं नाव स्पेलिंगसकट दोघांनी तपासलं. ती तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीत होती. तिला कुणीतरी सांगून ठेवलं होतं की दिल्लीला गेलीस तर राष्ट्रपती बाई स्वतः पदक देतात.

ते ‘स्वतः’ इतकं काही गृहीत धरायचं नसतं, हे दिग्दर्शकानं तिला सांगितलं नाही, मला सांगितलं. २०१८ साली ३ मेला पासष्टावा सोहळा होता. राष्ट्रपती फक्त अकरा पुरस्कार देणार आणि बाकीचे मंत्री, हे विजेत्यांना आदल्या दिवशी कळलं, आणि पन्नासहून जास्त जण सोहळ्याला गेलेच नाहीत. ‘मी असतो तं गेलो असतो,’ दिग्दर्शक म्हणाला. थोडा वेळ थांबून, ‘नाही, नसतो गेलो.’ पुन्हा थोड्या वेळानं, ‘बायकोनं पाठवलं असतं.’

मग वाट. २०२३ च्या चित्रपटांचा निकाल लागला १ ऑगस्ट २०२५ ला. मधल्या काळात माझ्या अकरावीच्या पोरी बारावी होऊन कॉलेज सोडून गेल्या, आणि आमची चौथीतली पोट्टी सहावीत पोचली. शुक्रवार होता. संध्याकाळी पोळ्या लाटत फोनवर पत्रकार परिषद लावली. कथाचित्रपटांच्या ज्युरीचे अध्यक्ष आशुतोष गोवारीकर. मनात आलं, चला, तिथे निदान एका माणसाला तरी आमची आजी माझ्या मदतीशिवाय कळली असती.

सर्वोत्कृष्ट चित्रपट ‘ट्वेल्थ फेल’. अभिनेता म्हणून शाहरुख खान आणि विक्रांत मेस्सी विभागून, अभिनेत्री राणी मुखर्जी. पदार्पणातला दिग्दर्शक म्हणून ‘आत्मपॅम्फ्लेट’चा आशिष बेंडे, हे ऐकून लाटणं ठेवून मी टाळी वाजवली, कारण तो चित्रपट मला फार आवडला होता. बालचित्रपट ‘नाळ २’. बालकलाकाराचा पुरस्कार पाच जणांत, त्यातले चार मराठी चित्रपटांतले: ‘नाळ २’मधले त्रिशा ठोसर, श्रीनिवास पोकळे, भार्गव जगताप आणि ‘जिप्सी’मधला कबीर खंदारे. इथपर्यंत आल्यावर मला आमच्या पोरीचं काय ते कळलं. आणि मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट: ‘श्यामची आई’.

क्षणभर वाटलं, जुनीच बातमी लागलीय की काय. हा सुजय डहाकेचा, २०२३ चा. एकाहत्तर वर्षांनी तेच नाव.

दिग्दर्शकाचा फोन तासाभरानं आला. ‘ताई, काका काय म्हनते माहीत आहे? म्हनते, त्याच पिच्चरनं आमच्या बाले रडवलं, त्याच पिच्चरनं मले.’ मग तो हसला, आणि मग बराच वेळ काही बोललाच नाही. मी विचारू नये ते विचारलं, ‘सबटायटलमुळे नसेल ना झालं?’ तो म्हणाला, ‘काहीही बोलतं.’ गळालेल्यांना कारणं कळवायची पद्धत तिथे नाही, त्यामुळे हा प्रश्न माझ्याजवळच राहिला. अजून एखाद्या रात्री ‘से यू विल बी बॅक’ आठवतं आणि त्याहून बरं काहीतरी सुचतं.

२३ सप्टेंबरला विज्ञान भवनातला सोहळा मी दूरदर्शनवर पाहिला. घटाची दुसरी माळ होती. देव्हाऱ्यात तेल घालायला मध्ये दोनदा उठले. मोहनलालना दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला. शाहरुखचं हे पहिलंच राष्ट्रीय पारितोषिक, हे ऐकून सासूबाईंना धक्का बसला. त्यांच्या मते त्याच्याकडे कपाटभर असायला हवीत. आणि मग त्रिशा ठोसर आली, चार-पाच वर्षांची, छोटीशी साडी नेसून. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मूंच्या समोर उभी राहिली तेव्हा सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवत होते. आमच्या पोरीच्या घरी त्या वेळी टीव्ही चालू नसावा, असंही मनातल्या मनात म्हणत होते.

टीव्ही चालू होता. हे मला कोजागिरीला कळलं.

कोजागिरीला दिग्दर्शकानं गावात चित्रपट दाखवायचं ठरवलं आणि मला बोलावलं. शाळेच्या मैदानात पांढरं कापड, लग्नाच्या शूटिंगवाल्याचा प्रोजेक्टर, एका कडेला दुधाची कढई. चंद्र भरात होता, त्यामुळे पडद्यावरचा सगळा अंधार पातळ झाला होता. रात्रीचे प्रसंग निळसर दिसत होते. भुलाबाईची गाणी संपवून पोरी पुढच्या सतरंजीवर येऊन बसल्या. आमची नटी त्यांत मिरवत होती. मी विचारायच्या आत म्हणाली, ‘मावशी, मी पाह्यलं टीव्हीवर. थे लहानी कित्ती गोड दिसे नं साडीत!’

दाखवायला मात्र दिल्लीला पाठवलेलीच प्रत होती, इंग्रजी ओळी छापलेली. बिनओळींची कॉपी कुठल्या हार्डडिस्कवर आहे, हे संकलकाला आठवत नव्हतं. मला लाजल्यासारखं झालं. सगळ्या गावाला जे ऐकू येतंय, तेच खाली माझ्या इंग्रजीत. कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं म्हणा. बैलजोडी आली की मालक उठून उभा राहत होता, आणि मागचे ‘बस बे खाली’ म्हणून ओरडत होते.

पोरीची खरी आजी तिच्या शेजारी बसली होती. शाळेत कधी न गेलेली. शेवटच्या दृश्यात, फाटकाशी, तिनं पडद्याकडे बोट दाखवून नातीला विचारलं, ‘खाली काय लिवलं व?’

‘कम चाइल्ड,’ पोरीनं वाचलं.

‘चाइल्ड म्हंजे?’

‘माय,’ पोरगी म्हणाली, आणि पुढे पाहायला लागली.